मिठाच्या वाळवंटातली सरदारनी

बेंबळी, ३ नोव्हेंबर

बिरू,

तू जिवंत हायस हे येडशीच्या लोकांना कळलंय, म्हणून हे पत्र. न्हायतर मी लिहिणार नव्हते.

तुझ्या भाचीचं लगीन ठरलंय. मोनिकाचं. पोरगा येडशीचा, योगीराज नाव, सोसायटीत कामाला हाय. बैठकीत त्याच्या आईनं इचारलं, "मुलीचे मामा कोणते?" माझ्या तोंडातून गेलं, "मामा न्हाय." त्या बाईनं लगीच पदर डोळ्याला लावला. "अगं बाई, कधी झालं हे?" म्हणाली. बैठकीतल्या बायका हळहळल्या. मी बी तसंच चालू दिलं. बहिणीचा फोन उचलत न्हाय त्या माणसाला आनखी काय म्हणावं?

मग रामलिंगला सांगितलं, मोनीच्या मागं मामा म्हणून तू उभा राहा. चुलत का असंना, भाऊच की. तो लगीच फेट्याचा रंग इचारायला लागला.

आता पुढचं ऐक. परवा मोनीनं मोबाईलवर एका सिनेमाची जाहिरात बघितली. चित्रांचा सिनेमा, मोठ्या थेटरात लागलेला. मागच्या काळातल्या कुण्या गोऱ्या साहेबानं कादंबरी लिहिली होती, तिच्यावरनं काढलाय म्हणं. एक पोरगा हरवलेल्या भावाला हुडकत मिठाच्या वाळवंटात जातो, ती गोष्ट. मोनी नाचायलाच लागली. "आई, हाच तो! आजी आजारी होती तवा मामा ह्याच सिनेमाचं काम करत होता!" आन आनंदाच्या भरात तिनं योगीराजला फोन लावला, माझ्या मामानं सिनेमा केलाय म्हणून.

तासाभरात त्याच्या आईचा मला फोन. "इहीणबाई, मेलेले मामा सिनेमे काढतेत का हो?"

मी म्हणलं रेंज न्हाय, आवाज येईना, आन फोन ठेवला. पण किती दिवस रेंज जाईल?

म्हणून सरळ इचारते. लगीन चार डिसेंबरला, दारातच मांडव. येतूस का न्हाय? मामाचं काम काय लई नसतंय. आतून मुलीला धरून आणायची, अंतरपाट धरला की तिच्या पाठीमागं उभं राहायचं, अक्षता पडल्या की झालं. येणार असशील तर रामलिंगला न्हाय म्हणते. नसशील तर येडशीकरांना दुसरं काय सांगायचं ते मला हुडकून ठेवावं लागंल.

तुझ्या नंबरावर एक बाई इंग्रजीत बोलती आन बंद होती. हापिसाचा पत्ता मोनीनं काढून दिला. माझं अक्षर चौथीचं हाय, वाचता आलं न्हाय तर कुणाकडून वाचून घे. मला लाज न्हाय.

दैवशाला

बेंबळी, १२ नोव्हेंबर

बिरू,

उत्तर न्हाय. बरं.

पहिली पत्रिका तुळजापूरला देवीच्या पायाशी ठेवली आन तिथनंच सोलापूरची एसटी धरली, लग्नाचा बस्ता बांधायला. मी, मोनी आन शेजारची नागूबाई, तिघी गेलाव. कापडं घेऊन झाल्यावर मोनी म्हणाली, सिनेमा बघूच. मी नको म्हणले न्हाय. का ते सांगते, तुला वाटंल मी तुझं कौतुक बघायला गेले.

मला आई बघायची होती.

आईचा एकच फोटो हाय घरात, आधार कार्डाचा मोठा करून घेतलेला. त्यात ती अशी दिसती जशी कुणाची तरी कोंबडी चोरताना धरलीय. तू बारका होतास तवा चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर आईच काढायचास. ती दळताना, ती शेळी पिळताना. म्हणून मला वाटलं, एवढा मोठा सिनेमा, चार-पाच वर्षं राबलास, कुठंतरी आपली आई, हरणाबाई, घातली असशीलच. सिनेमात म्हाताऱ्या लई होत्या. पाण्याला चाललेल्या, बाजारात बसलेल्या, उंटावर बांधलेल्या. मी एकेकीचं तोंड बघत होते. नागूबाई इचारायली, "आता काय झालं? तो पोरगा का रडायला?" मला काय ठावं पोरगा का रडायला! मी म्हाताऱ्या बघत होते.

आई नव्हती.

मग ते दरोडेखोर आले. मिठाचा काफिला लुटणारे. त्यांची म्होरकी एक बाई, सगळे तिला सरदारनी म्हणतेत. लांबून चालत आली. काठी मानेमागं आडवी, दोन्ही हात काठीवर टाकलेले. डावा पाय जरा बाहीर फेकून. थांबली, उंटाचा व्हट वर करून दात बघितले, थुंकली, आन त्या पोराला आधी एक ठेवून दिली आन मग पाणी दिलं.

नागूबाई अख्ख्या थेटरात वरडली, "अगं दैवशाला! ही तर तू!"

लोकं हसली. मोनी बी हसली, मग माझं तोंड बघून पडद्याकडं बघाय लागली.

लिंबावरनं पडून माझा डावा पाय गेला तो शेळ्यांना पाला पाडताना. ते बी तू हिशोबात धरलंस. कमरेला खोचलेला पदर न्हाय, तिथं चामड्याचा पट्टा हाय, पण पट्ट्यात हात घालून उभं राहायची रीत माझीच. आई तुला दिसली न्हाय. मी दिसले, ते बी दरोडेखोरीण म्हणून.

उठले आन बाहीर पायऱ्यांवर जाऊन बसले. सिनेमा सुटंपर्यंत बसले.

आता एक सांगते, मनात ठेवून काय करू. आई गेली त्या आठवड्यात तू हेच करत होतास. तीनदा फोन केला. "ताई, एवढं काम देऊन निघतो." अग्नी रामलिंगनं दिला. राख सावडून झाली तवा तू आलास, पाठीवर बॅग, डोळे लाल. मी चार लोकांत म्हणले, चित्रं सोडवंनात तुला, आई मरून बी सोडवंनात. तू पाणी बी न पिता माघारी फिरलास. ते मी म्हणले, आन आज बी म्हणंन. पण ते काम म्हणजे हे, हे मला ठावं नव्हतं. मला चालायला लावत होतास तिकडं.

लग्नाचं काय ते कळव.

दैवशाला

बेंबळी, १९ नोव्हेंबर

बिरू,

तुझ्यामुळं गावात निघायची सोय राहिली न्हाय. नागूबाईनं वाणी, गिरणी, अंगणवाडी, काय सोडलं न्हाय. शाळेतली पोरं मी शेळ्या घेऊन निघाले की "सरदारनी आली, पळा!" म्हणत्यात. काल एकाच्या पाठीत काठी घातली तर त्याची आई भांडायला यायच्या ऐवजी हसत आली. "काकू, सिनेमात बी अशीच मारती का हो?"

दुसरं एक झालं. मोनीनं ते पुस्तक आणलं. धाराशिवच्या वाचनालयात मराठीत हाय, पानं सुटलेली. दिवसा तुरीच्या बांधावर शेळ्या चरत असतेत तवा ती मला वाचून दाखवती. आता दोन हप्त्यांनी पोरगी जाणार, म्हणून मी बी नको म्हणत न्हाय. एरवी मला कुणी वाचून दाखवलेलं खपत न्हाय, ते तुला ठावं हाय.

त्यात ती बाई हाय. साहेबानं बी लिहिलीय तिला. पण पुस्तकातली बाई त्या पोराला आटलेल्या हिरीपाशी टाकून निघून जाती. माणसं, उंटं, सगळं घेऊन. मागं वळून बघत न्हाय, असं साहेबानं मुद्दाम लिहिलंय. परत ती पुस्तकात येतच न्हाय. मी मोनीला दोनदा वाचायला लावलं.

मोनी म्हणाली, "आई, सिनेमात तसं न्हाय. तू बाहीर गेलीस तवा झालं ते."

"काय झालं?"

"तूच बघ."

"सांग की गं बाई, आता सोलापूरला कोण जातंय!"

सांगंना. तुझीच भाची.

मग मी गेले. घरात सांगितलं बिलाऊजचं कापड बदलून आणते. थेटरात मी एकटी आन पाठीमागं एक कालिजातलं जोडपं, त्यांचं ध्यान सिनेमात नव्हतं. तिकिटाच्या खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "मावशी, हा कार्टूनचा हाय बरं का." मी म्हणलं, "ठावं हाय. माझ्या भावानं केलाय." बोलून गेले. त्यानं इचारलं बी न्हाय कोणता भाऊ.

ह्या खेपंला उठले न्हाय. सरदारनी त्या पोराला हिरीपाशी सोडती आन निघती, पुस्तकात हाय तशी. टेकाडाच्या पलीकडं जाती. तिथं तिची माणसं म्हणत्यात चला, पाणी संपंल. ती काय बोलत न्हाय. काठी मांडीवर घेऊन खाली बसती. पाठ इकडं. उंटं उभी. ऊन सरतंय, सावल्या लांब व्हायल्यात, तरी बसलेली. मग टेकाडावरनं तो पोरगा रखडत रखडत येतो. आला की एक शब्द न्हाय, तोंड बी बघत न्हाय. उठती, काठी मानेमागं टाकती आन चालायला लागती.

पाठीमागच्या जोडप्यातली पोरगी "ओह" म्हणाली. म्हणजे ते बी बघत होते तर.

मला एवढंच सांग. साहेबानं जे लिहिलं न्हाय ते सिनेमात कुणी घातलं? तू घातलंस का?

आन लगीन चार तारखंला हाय. ते बी सांग.

दैवशाला

बेंबळी, २५ नोव्हेंबर

बिरू,

तू मोनीला फोन केलास. मला ठावं हाय, मी दाराबाहीर कडब्याची पेंढी घेऊन उभी होते. पेंढी जड होती म्हणून आत आले न्हाय.

ती "मामा, मामा" करत होती. हसत होती. तिनं इचारलं, आईला देऊ का? मग तिनं फोन कानाचा काढला न्हाय, म्हणजे तू नको म्हणलास. बरं केलंस. मी वरडले असते.

फोन झाल्यावर मी इचारलं, "काय म्हणला?"

"तुझी पत्रं मिळाली म्हणला."

"आन?"

"म्हणला, ते बसायचं मामानं घातलेलं न्हाय. गोष्ट बदलायची ती डायरेक्टर बदलतो. तो तिकडं परदेशात असतो, मामानं त्याला कधी समोर बघितलं बी न्हाय. मामाकडं निस्तं काम येतं, ही बाई इथनं तिथं चालत गेली पाहिजे, एवढंच."

"म्हणजे त्याचं काय न्हाय त्यात."

"चाल त्याची हाय, आई. चाल कशी पाहिजे ते कुणी सांगितलं नव्हतं. ती त्यानं ठरवली."

मी पेंढी टाकली आन शेळ्यांना पाणी ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं तू व्हय म्हणशील. खोटं का असंना व्हय म्हणायला तुझं काय जात होतं? पण तू पहिल्यापासनं तसलाच. खोटं सांगून मार चुकवायचं बी तुला कधी जमलं न्हाय. आई म्हणायची, हे पोरगं बाजारात बुडंल.

परदेशातल्या बाप्याला काय ठावं मी कोण. त्याच्या मनात आलं, त्यानं बसवलं. बसंना का.

मोनी म्हणती, चालंसाठी तुझ्याकडं माझा कसला व्हिडिओ न्हाय, फोटो न्हाय. आठवून काढलीस. मग पाय एवढा बरोबर कसा फेकलाय, ते मला कळंना. तू तर शेळ्यामागं माझ्या पुढं पळायचास. पाठीमागनं कधी बघितलंस?

लग्नाचं तिनं इचारलं तवा "बघतो" म्हणलास. बघतो म्हणजे काय ते मी धरून चालते.

दैवशाला

बेंबळी, ३० नोव्हेंबर

बिरू,

रामलिंग आज फेटा दाखवायला आला. मोरपंखी, जरीचा. आरशापुढं बांधून उभा राहिला. मी म्हणले, "रामलिंग, तू पंगतीचं बघ. मामा म्हणून उभं राहू नको."

"का? बिरू येतोय का?"

"बघतो म्हणलाय."

"ताई, बघतो म्हणणारा माणूस येत नसतोय. तुला बी ठावं हाय."

"तुला काय करायचंय?"

तो फेटा सोडायला लागला. तोंड उतरलं त्याचं. "आईला अग्नी द्यायला मी चाललो. तवा म्हणलीस, रामलिंग, तुझ्याशिवाय कोण हाय. आता मी चालत न्हाय व्हय?"

"त्या दिवशी दुसरं कोण नव्हतं."

"आता तरी कोण हाय?"

मी म्हणले, "एका माणसाच्या दोन जागा तुला कशा देऊ? एक दिली की." तो तसाच फेटा काखंत मारून गेला. वाईट माणूस न्हाय तो. जेवणाचं काम त्यानं सोडलं न्हाय, संध्याकाळी भांडी मोजायला परत आला. पण माझ्याशी बोलंना.

आता तू ऐक. येणार असशील तर पुण्याहून रेल्वेनं ये, पण येडशीला उतरू नको. त्यांच्या दारातच जाशील आन तुझी सासरवाडी असल्यागत चहा पाजतेल. धाराशिवला उतर. तिथनं बेंबळीला गाडी असती, न्हायतर मोनीला कळव, कुणाला तरी पाठवते. आतली खोली सारवून घेतलीय, गादी ऊन दाखवून ठेवलीय. ते पाव्हण्यांसाठी हाय, तुझ्यासाठी म्हणून न्हाय. शेंगाच्या पोळ्या केल्यात. त्या बी सगळ्यांसाठी.

कापडाचं काय घेऊन बसू नको. हायस तसा ये. फेटा मी इथं घेऊन ठेवते.

दैवशाला

बेंबळी, ७ डिसेंबर

बिरू,

लगीन झालं. चांगलं झालं. तुला सांगायचं म्हणून लिहिते.

मी सकाळपासनं रस्त्याकडं बघितलं न्हाय. येवढी कामं होती, कोण बघतंय. मोनी बघत होती. हळदीच्या अंगानं दोनदा दारात आली, दोनदा मी आत घातली.

नवरदेव पारण्यावरनं, मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत आला. त्याचा मामा त्याच्यामागं उभा, लाल फेटा, मिश्या पिळलेल्या. भटजीनं माईक घेतला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कुणी हाललं न्हाय. त्यानं परत म्हणलं. मांडवातली माणसं माना वळवून बघायली. येडशीची इहीण तिच्या जावंच्या कानाला लागली. पंगतीकडनं रामलिंग हात पुसत यायला लागला. बोलत नव्हता माझ्याशी, तरी यायला लागला, हे मी विसरणार न्हाय. मी त्याला हातानंच थांबवलं, आत गेले आन मोनीचा दंड धरला.

"आई, तू?"

"चल. पाय बघून टाक, चटई दुमडलीय."

मी रांडाव बाई. हळदीला मी हात लावला न्हाय, ववाळायला पुढं झाले न्हाय, रीत सगळी पाळली. आन मांडवाच्या मधोमध पोरीच्या मागं जाऊन उभी राहिले. भटजी हळूच म्हणाला, "मावशी, मामा लागतो." योगीराजचे वडील उठले. "बाई, हे कुठलं आता? आमच्यात असलं चालत न्हाय. मुलीला मामा न्हाय म्हणला होता तुमी, तर मानलेला कुणी उभा करायचा."

माईक भटजीच्या हातातच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. मी म्हणले, "मामा हाय. पुण्याला असतोय. त्याला यायला जमलं न्हाय. त्याच्याबदली मी उभी हाय, त्याची थोरली बहीण. ज्याला चालत न्हाय त्यानं आधी जेवून घ्यावं, वरण गरम हाय."

कुणीतरी पाठीमागनं वरडलं, "सरदारनी!" आन पोरं हसली, मग बायका हसल्या, येडशीकडच्या बी. योगीराज मुंडावळ्यातनं हसायला लागला. त्याच्या बापाला बसावं लागलं. अंतरपाट धरला.

मोनीच्या खांद्यावर हात ठेवायचे असतेत हे मला ठावं नव्हतं. समोरच्या मामानं ठेवले तसे म्या ठेवले. मंगलाष्टका लई लांबवल्या त्या माणसानं. डावा पाय भरून आला, पण उभं राहिले. अक्षता पडल्या तवा निम्म्या माझ्याच डोक्यावर आल्या.

मोनीच्या मैतरणीनं व्हिडिओ काढला आन मोनीनं गाडीत बसताना तुला पाठवला. ती म्हणती, दोन निळ्या टिकल्या आल्या, म्हणजे तू बघितलास. बोलला काय न्हाईस.

का आला न्हाईस ते मी इचारत न्हाय. काम असंल. न्हायतर माझं तोंड बघायचं नसंल. दोन्ही असंल.

काल मांडव काढला. भाडंवाला खुर्च्या घेऊन गेला. रामलिंग उरलेली बुंदी वाटून आला, आन जाताना बोलला एकदाचा, "ताई, येऊ का?" म्हणून. नागूबाई तिच्या लेकीकडं गेलीय. मोनीचं सामान एका कोपऱ्यात होतं तिथं आता कोपराच हाय. सकाळी शेळ्या सोडायला गेले तर मी "मोने, दावं आण" म्हणून वरडले. शेळ्यांनी बघितलं माझ्याकडं.

आता बघ, तुला बोलवायला माझ्याकडं काय राहिलं न्हाय. लगीन होतं, ते झालं. आईचं सगळं कवाच झालं. येडशीकरांना बी तू जिवंत हायस हे सगळ्या मांडवात सांगून बसले, आता त्यांना दाखवायला तुझी गरज न्हाय. रामलिंगचा बी हिशोब मिटला.

म्हणून आता लिहिते. काय काम नसताना ये. उगंच ये. कधी बी. आधी कळवू नको, कळवलंस की मी गादी ऊनात टाकीन आन तू आला न्हाईस की ती परत आत आणावी लागती. सकाळचा आलास तर मी शेळ्यामागं असते, माळाकडं. हुडकत येऊ नको, ऊन असतंय. दार निस्तं लोटलेलं असतंय. आत बस.

दैवशाला